आताच आगमन झालेलं आहे

अंजूरच्या केसरीनाथ तरेला देवाने अंगापिंडाने बेताचाच घडवला. आवाज देताना मात्र देवाचा हात सैल सुटला असावा. शाळेत असताना पलीकडच्या वर्गातून मास्तर ओरडायचे, "तरे, पाढे मनात म्हण!" आणि तो मनातच म्हणत असायचा, असं त्याची आई शपथेवर सांगे.

पुढे तो भिवंडीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागला. नळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या आणि कुणी ॲसिडच्या बाटलीला नाक लावलं तर ओरडायचं. यातलं शेवटचं काम तो इतकं मन लावून करी की वरच्या मजल्यावर अर्थशास्त्र शिकणारी पोरंसुद्धा दचकून नाकं मागे घेत. पण ही झाली ड्युटी. केसरीनाथचं खरं आयुष्य सुरू व्हायचं ते शनिवारी संध्याकाळी, हातात माइक आला की.

खाडीकाठच्या गावांतून भात कापून झालं की रिकाम्या शेतांत टेनिस बॉलच्या टूर्नामेंट भरत. शेतं गेली तशा त्या गोदामांसाठी भराव घातलेल्या प्लॉटवर भरू लागल्या. त्यांचं समालोचन केसरीनाथचं. लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीच्या स्टेजवर निवेदन केसरीनाथचं. कुणी गेलं तर दहाव्याला घाटावर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं होतात, तिथेही माइक त्याच्याच हातात. नवऱ्यामुलाला 'उमदं व्यक्तिमत्त्व' आणि मयताला 'हरहुन्नरी व्यक्तिमत्त्व' एवढाच काय तो फरक.

आता या भागातली एक गोष्ट बाहेरच्याला पटकन कळत नाही. इथे कार्यक्रमाला नुसतं येणं म्हणजे अर्धवट येणं. माइकवरून नाव पुकारलं गेलं की माणूस पुरता आला. त्यामुळे बॉल हवेत असला, खाली दोन फिल्डर माना वर करून एकमेकांच्या अंगावर धावत असले, तरी गेटातून कुणी आत शिरला की केसरीनाथ क्रिकेट तिथेच सोडून देई. "आताच आपल्या मैदानात आगमन झालेलं आहे, शेलार गावचे माजी उपसरपंच, क्रीडाप्रेमी, दानशूर सावळाराम भोईर यांचं!" कॅच सुटला की सुटला नाही हे लोकांना दुसऱ्या दिवशी कळायचं. एकदा याच सावळारामशेटचं नाव घ्यायचं राहिलं. शेट उठले. गाडीत बसले, नाक्यापर्यंत गेले, गाडी वळवली आणि पुन्हा आले.

कॉलेजात मात्र केसरीनाथच्या हातचा माइक काढून घेणारं एक माणूस होतं. मराठीच्या रूपा मॅडम. मूळच्या काल्हेरच्या. नवरा फार पूर्वी गेलेला. भिवंडीत एका गल्लीत तळमजल्याच्या घरात आई आक्का, मुलगी मृणाली आणि त्या, अशा तिघी. कॉलेजचा कुठलाही कार्यक्रम रूपा मॅडमच चालवायच्या. केसरीनाथच्या विशेषणांवर त्यांचा डोळा असे.

"केसरीनाथ, तुम्ही विशेषणं वाटता की लग्नातले पेढे? समोर आला त्याच्या हातावर ठेवलं."

"मॅडम, माणूस खूश होतो."

"होतो ना. पण मग खरोखर दानशूर कुणी आला तर त्याला काय द्याल?"

यावर केसरीनाथ हसायचा, आणि पुढच्या शनिवारी तीच विशेषणं नव्याने वाटायचा.

करोना आला आणि माइक बंद झाले. हळदी चार माणसांत उरकू लागल्या, मैदानांवर गवत आलं. दुसऱ्या वर्षी, आजाराची मोठी लाट वर चढत होती तेव्हा, रूपा मॅडमनी परिषदेची टूम काढली. आसपासच्या सहा कॉलेजांतलं कुणीही यावं, विद्यार्थी, शिक्षक, कारकून, शिपाई, शिकून गेलेला, शिकायचा राहिलेला, आणि संगणकासमोर बसून आपल्या डोक्यातली एक कल्पना सांगावी. नाव ठेवलं नवकल्पना परिषद.

"माणसं घरात बसून आंबायला लागलीत," मॅडम फोनवर म्हणाल्या. "डोक्यातलं काहीतरी बाहेर काढू या. मी बोलणार, तुम्ही वेळ सांभाळायची. घंटा वाजवायची."

"घंटा कशाला, मी आहे ना!"

"तुम्ही नको. लोकांचे मोबाईल फुटतील."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. त्याच आठवड्यात तिघी आजारी पडल्या. मृणालीला ताप येऊन गेला, आक्काला घरीच ऑक्सिजनचं मशीन लावावं लागलं, आणि रूपा मॅडमना हॉस्पिटलात नेलं ते नेलंच. त्या गेल्या तेव्हा आजी-नातीच्या घराच्या दाराला पालिकेची पट्टी लागलेली होती. नातेवाइकांपैकी कुणाला जाता आलं नाही. घाट नाही, दहावा नाही, भाषणं नाहीत. साऱ्या पंचक्रोशीच्या मयतांना ज्याने शब्द पुरवले, तो केसरीनाथ मोरीत तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

परिषद रद्द होईल असं त्याला वाटलं होतं. पण तारीख सगळीकडे कळवून झाली होती आणि वाणिज्य विभागाच्या विपुल सरांनी ती अंगावर घेतली. विपुल सर वयाने लहान, स्वभावाने भले. एका शब्दाने मात्र त्यांना पछाडलं होतं. सकारात्मक. 'सकारात्मक सकाळ' असा मेसेज ते रोज पाठवत, स्वतःच्या घरात दोघं तापाने फणफणत असतानाही. सूत्रसंचालन केसरीनाथने करावं असं त्यांनी ठरवलं. दुसरं धडधाकट कुणी उरलं नव्हतं हेही खरंच.

परिषदेच्या आदल्या दिवशी मृणालीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"काका, आजीला आईचं सांगितलेलं नाही."

"म्हणजे?"

"तिचा ऑक्सिजन वर-खाली होतोय. डॉक्टर म्हणाले, आता धक्का नको. मी तिला सांगितलंय, आई हॉस्पिटलात आहे, फोन आत नेऊ देत नाहीत. पण आईने तिला परिषदेची तारीख सांगून ठेवलेली. आजी म्हणते, मी बघणारच. नाही म्हटलं तर संशय येईल. दोन दिवस नीट जेवलीही नाहीये."

"तिला कितपत ऐकू येतं पण?"

"कमीच. माझं तर काहीच येत नाही. तुमचं येतं. काका, आईबद्दल कुणी काही बोलायला नको. प्लीज."

केसरीनाथने शब्द दिला. विपुल सरांना सांगितलं, सरांनी सगळ्या वक्त्यांना कळवलं: श्रद्धांजली नाही, मौन नाही, फोटोला हार नाही, रूपा मॅडमचा उल्लेख नाही. लेखी गप्पांची खिडकीसुद्धा बंद ठेवली. एका म्हातारीला तिची मुलगी गेल्याचं कळू नये म्हणून सहा कॉलेजं एकदिलाने गप्प बसायला तयार झाली. एरवी ही सहा कॉलेजं सुट्टीच्या तारखेवरही एकमत करत नाहीत.

रविवारी सकाळी केसरीनाथने इस्त्रीचा शर्ट घातला. त्याला बसून बोलता येत नसे. आवाज पोटात घडी पडून राहतो म्हणायचा. म्हणून त्याने तांदळाच्या पिंपावर पाट ठेवला, पाटावर लॅपटॉप, आणि स्वतः समोर उभा राहिला.

"तुमची परिषद पिंपावर बसलेय," बायको गुलाब आतून म्हणाली. "मी भात कशाचा शिजवू?"

"आज पाव खाऊ."

"परिषदेला पन पावच द्या मंग."

परिषद सुरू झाली. पडद्यावर चौकटी उमटू लागल्या. तीनशेच्या वर माणसं, आणि मैदानावर असते तशी एक शिट्टी नाही, टाळी नाही, पोराचं रडं नाही. केसरीनाथ विपुल सरांनी लिहून दिलेलं वाचत होता आणि प्रत्येक वाक्य विहिरीत टाकल्यासारखं खाली जात होतं. एका कोपऱ्यात मृणालीच्या नावाची चौकट होती. तीत आक्का, उशीला टेकलेली, नाकात नळी, कपाळाला कुंकवाऐवजी गोंदण, डोळे पडद्याला लावून. केसरीनाथने तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग त्याने घाबरलेला माणूस जे करतो ते केलं. ओळखीच्या वाटेने निघाला.

"आताच आपल्या परिषदेत आगमन झालेलं आहे, ठाण्याहून, ग्रंथपाल आणि ग्रंथप्रेमी दामू केणे सर यांचं!"

केणे सरांचा चेहरा उजळला. त्यांनी हात जोडले. आणखी दोघातिघांनी मान सरळ केली, आपलंही घेतील म्हणून. केसरीनाथला मैदान सापडलं. नाव उमटलं की तो पुकारू लागला. कुणीतरी घरातला फोन वापरत होतं. त्याने तेही सोडलं नाही. "आताच आगमन झालेलं आहे, आईचा मोबाईल यांचं! त्यांचं मनःपूर्वक स्वागत!" लोक हसले. कित्येक घरांत त्या महिन्यात कुणी हसलं नसेल. आक्काही हसली. केसरीनाथचा आवाज चढला.

त्याच्या डोळ्यांपासून जिभेपर्यंतचा रस्ता एव्हाना डोक्यातून जात नव्हता. इतक्या वर्षांच्या मैदानांनी त्याला परस्पर बायपास काढून दिला होता. पडद्यावर एक नाव उमटलं आणि ते पुकारून झाल्यावर त्याने वाचलं.

"आणि आताच आगमन झालेलं आहे, आपल्या सर्वांच्या लाडक्या प्राध्यापिका, रूपा मॅडम यांचं!"

घडलं होतं ते साधंच. परिषदेचं खातं रूपा मॅडमनी आपल्या नावाने उघडलं होतं. विपुल सरांनी रेकॉर्डिंगसाठी ऑफिसातला संगणक त्याच खात्यावरून जोडला. चौकट काळी, खाली पांढऱ्या अक्षरांत रूपा.

तीनशे चेहरे जागच्या जागी गोठले. नेट गेल्यासारखे. केणे सरांचे जोडलेले हात तसेच राहिले.

आणि आक्काच्या चौकटीतून आवाज आला. "रूपा? आगो रूपा! आली का तू?"

मृणाली दिसत नव्हती. नुसता तिचा हात आक्काच्या खांद्यावर आला आणि तिथेच थांबला.

"केसरी, मना दिसत न्हाय ती. काला काला दिसतंय. तिला बोल, कॅमेरा लाव."

केसरीनाथच्या हातात एक क्षण होता. त्यात तो म्हणू शकला असता, आक्का, चुकलं माझं, तो कॉलेजचा कंप्युटर आहे. बस, एवढंच. पण आक्का उशीवरून उठून बसली होती. बरेच दिवस न उठलेलं माणूस. आणि प्रमुख पाहुणे आले नाहीत तर ते पुलावर अडकलेत असं सांगून दोन दोन तास मैदान धरून ठेवायची त्याची हयातभराची सवय होती.

"आक्का, मॅडम ऐकतायत," तो म्हणाला. "बोलायला डॉक्टरांनी मनाई केलीय."

"बरा, बरा. नको बोलू गो बाय. निस्ती आयक."

विपुल सरांनी घामाघूम होऊन ती चौकट काढायला हात नेला आणि मागे घेतला. ती चौकट गेली असती तर आक्काने विचारलं असतं, कुठे गेली. म्हणून ती राहिली. पहिली बोलणारी उन्नती, शेलारची, लूमवरून निघणाऱ्या सुताच्या गुंत्याचं काय करता येईल ते सांगायला आली होती. बिचारी सुरुवातीलाच चाचरली, काळ्या चौकटीकडे बघितलं आणि म्हणाली, "आदरणीय रूपा मॅडम, आणि सर्व..." तिने म्हटल्यावर दुसऱ्याला न म्हणणं बरं दिसेना. मग प्रत्येक जण हात जोडून म्हणू लागला. शाळांच्या गच्च्यांवर भाजी लावायची कल्पना आली, घरबसल्या प्रयोग करायची पेटी आली, एका प्राचार्यांची 'हसण्याचे फायदे' ही कल्पना आली आणि घंटा वाजली तरी गेली नाही. सगळ्या कल्पना आधी एका गेलेल्या बाईला नमस्कार करत होत्या. आक्का दर वेळी मान हलवत होती. लेकीचा मान होतोय.

मग अनंता आला.

अनंता काल्हेरच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि चाळिशी ओलांडल्यावर बाहेरून एम.ए.ला बसला होता, रूपा मॅडमच्या आग्रहाने. लाटेच्या दिवसांत शववाहिन्या पुरेनात, तेव्हा गोदामाचा टेम्पो घेऊन तो हॉस्पिटल ते स्मशान फेऱ्या मारत होता. त्याची कल्पना विपुल सरांना मुळीच सकारात्मक वाटली नव्हती. स्मशानात रांगेसाठी टोकन असावं, माणसांना नंबर येईपर्यंत तिरडीशेजारी उन्हात उभं राहावं लागू नये.

तो गोदामातूनच बोलत होता, मागे खोक्यांची भिंत. त्याने काळ्या चौकटीला नमस्कार केला नाही.

"मी काय मोठी कल्पना सांगणार न्हाय. रांगेत मी रोज उभा राहतो. पन ही गोष्ट डोक्यात आली ती एका दिवशी. आपल्या मॅडमना मीच टेम्पोतनं..."

केसरीनाथने त्याचा माइक बंद केला.

अनंताला ते कळलं नाही. तो बोलत राहिला. ओठ हलत होते, मधेच त्याने हाताने काहीतरी उंची दाखवली, मधेच बाहीने डोळे पुसले, पुन्हा बोलू लागला. तीनशे माणसं ते बघत होती. कुणाच्याही घरातून एक शब्द आला नाही.

"काय बोलतोय तो?" आक्काने विचारलं.

"त्यांचा आवाज येत नाहीये, आक्का. नेटवर्क."

केसरीनाथने घंटा वाजवली. आभार मानले. विपुल सरांनी परिषद यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. निघताना आक्का पडद्याजवळ आली, इतकी की तिचं नुसतं गोंदण दिसत होतं. "जेव गो टायमावर," ती काळ्या चौकटीला म्हणाली. "मृणाली बरी हाय. मी पन बरी हाय."

आणि ती खरोखर बरी होऊ लागली. त्याच दुपारी तिने पेज मागून घेतली. ऑक्सिजनचा आकडा वर सरकला तो टिकला. केसरीनाथला वाटू लागलं, घडलं ते वाईट नाही घडलं. गुलाबला त्याने तसं बोलूनही दाखवलं.

"त्या पोरीला विचारलांव?" गुलाब म्हणाली. बास.

पोरीचाच फोन आला.

"काका, आजी म्हणते, परत परिषद भरवा. आई येईल."

केसरीनाथने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विपुल सर हो म्हणाले. म्हणाले, दुसरं पर्व करू, सकारात्मक आहे." ती हसली की काय ते कळेना. "मी रोज फोडणी देते, काका. भांडी घासताना गाणं म्हणते, आजीला घर नेहमीसारखं दिसावं म्हणून. रडायचं असलं तर मोरीत नळ सोडते. आजीला ऐकू येत नाही, तरी सोडते. आणि आता ती विचारते, रूपा बोलत का नव्हती, एवढं काय झालं घशाला. मी काय सांगू?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आता सांगा म्हणतात. पण मला जमणार नाही. मी सांगितलं तर तिला ऐकूच येणार नाही. मला ते तीन-तीनदा सांगावं लागेल."

केसरीनाथने स्कूटर काढली. अंजूर फाट्यावर पोलिसाने अडवलं. कुठे चाललास, त्याने विचारलं. केसरीनाथला एरवी कुणाशीही बोलायला शब्द कमी पडत नसत. तो नुसता बघत राहिला. पोलिसाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बॅरिकेड सरकवलं. त्या दिवसांत पोलिसांनाही काही चेहरे ओळखता येऊ लागले होते.

गल्लीत लूम निम्मेच चालू होते. केसरीनाथ उंबऱ्याबाहेर उभा राहिला. तोंडावर एकावर एक दोन मास्क. आत कॉटवर आक्का, शेजारी मशीन घुरघुरत होतं. मृणाली भिंतीला टेकून उभी होती.

"केसरी! ये रं, आत ये. दारात काय उभा?"

"नको आक्का. बाहेरून आलोय. लांबूनच बरा."

"काय?"

"लांबूनच बरा!"

"मंग बोल. हास्पिटलातून कवा सोरतान रूपाला?"

केसरीनाथने आयुष्यात पहिल्यांदाच आवाज बारीक केला. "आक्का, रूपा मॅडम गेल्या."

"काय?"

"मॅडम राहिल्या नाहीत, आक्का."

आक्काने कानामागे हात धरला. वैतागून म्हणाली, "मोठ्यानं बोल ना रं! सगल्या गावाला आयकू जातंय तुजा आनि मनाच न्हाय?"

त्याने मास्क खाली ओढले, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि पोटातून आवाज काढला.

"रूपा गेली, आक्का! रूपा गेली!"

एकही विशेषण नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत ते ऐकू गेलं. वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. समोरच्या घरातली नसीमाबी तांदूळ निवडत होती, ती सूप तसंच धरून दारात आली. कोपऱ्यावरच्या लूमवाल्याने बटण दाबलं आणि खडखडाट थांबला.

आक्का रडली नाही. नळी सारखी केली. मग म्हणाली, "कवा?"

"परिषदेच्या आधी."

"मंग ती कोन व्हती? काली चौकट?"

"कॉलेजचा कंप्युटर होता. मी चुकून नाव पुकारलं. आणि मग..."

"मीनी तिला जेव बोलला."

"हो."

"सगल्यांनी आयकला?"

"हो, आक्का."

"सगल्यांना म्हाइत व्हता?"

त्याने मान हलवली. हे ओरडायची गरज नव्हती.

मृणाली भिंतीवरून घसरत खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. घरात, आजीसमोर, नळ न सोडता. नसीमाबीने गल्ली ओलांडली, केसरीनाथच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि आतल्या पोरीला म्हणाली, "बेटा, आज चूल्हा मत जलाना. खाना मेरे यहाँ से आएगा. पहले बोलना था ना, पागल. पहले बोलना था." वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली एक पिशवी खाली आली. दुधाची होती. कुणी सोडली ते कळलं नाही.

आक्का यातलं काही बघत नव्हती.

"तिचे संगती कोन व्हता?"

"अनंता, आक्का. काल्हेरचा. तिच्याकडे शिकणारा."

"मना कसा म्हाइत न्हाय?"

"तो परिषदेत सांगत होता. मी त्याचा माइक बंद केला."

"कं?"

"तुम्ही ऐकत होतात म्हणून."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन केसरीनाथने पुढे कधी कुणापाशी केलं नाही, आणि वर्णनात तो कमी पडणारा माणूस नव्हता.

"आता आयकते," ती म्हणाली. "लाव त्याला फोन."

अनंता ड्युटीवर होता. फोनमागे फोर्कलिफ्टची टुणटुण चालली होती. केसरीनाथने कारण सांगितल्यावर ती थांबली. त्याने स्पीकर लावला, हात लांब करून फोन आत धरला. अनंता बोलू लागला. आक्का म्हणाली, "काय बोलतोय?"

तेव्हा केसरीनाथ उंबऱ्यावर बसला आणि अनंताचं एकेक वाक्य आपल्या आवाजात सांगू लागला. कमी नाही, जास्त नाही.

"तो म्हणतो, हॉस्पिटलातून फोन आला, घरचं कुणी येऊ शकत नाही, तू येतोस का. म्हणतो, मी टेम्पो धुऊन नेला."

"म्हणतो, खाली नवी ताडपत्री टाकली."

"म्हणतो, तिथे विचारलं, कोण लागतोस? मी म्हटलं विद्यार्थी. ते म्हणाले, असलं नातं चालत नाही, नीट सांग." केसरीनाथने फोन जवळ घेतला. "म्हणतो, मग मी मुलगा सांगितलं."

"कवढा हाय तो?"

"चाळिशी ओलांडलीय."

"तिचे परास थोराच ल्हान," आक्का म्हणाली. तिचा ओठ जरासा हलला. "असू दे. मंग?"

"म्हणतो, रांग मोठी होती. खूप वेळ गेला."

"ऊन व्हता का?"

केसरीनाथने फोनमध्ये विचारलं. पलीकडे अनंता काही क्षण बोलला नाही. मग सांगितलं. केसरीनाथने ते ऐकून घेतलं आणि जसंच्या तसं आत दिलं.

"ऊन होतं, म्हणतो. पण एक बदामाचं झाड होतं. मॅडमना त्याच्या सावलीत ठेवलं होतं. सावली सरकली तसं त्यांनाही सरकवलं, म्हणतो. तो शेजारी बसून होता."

आक्काने डोळे मिटले. मशीन घुरघुरत राहिलं. गल्लीत माणसं आपापल्या दारात उभी होती, आणि कुणीही आत गेलं नाही.

"बरा केला," ती म्हणाली. मग डोळे न उघडताच, "मंग?"

"मग?" केसरीनाथने फोनमध्ये विचारलं.